दोन घरचा बोका

"माझा बोका पळवून कुठे निघालात?"

जिन्याच्या वळणावर तो आडवा उभा. खांद्यावर शिडी, हातांना घरांचे पत्रे रंगवताना लागलेला हिरवा रंग. माझ्या शालीत पांचो कण्हत होता. सकाळपासून मातीत बसून जोर करत होता, पण शूचा थेंब नाही. त्यात टेकडीवरून खाली गावात नेणारी लिफ्ट नेमकी बंद. मी आधीच चिडलेली होते.

"तुमचा कसा? हा पांचो आहे, माझा."

"हा आल्मिरान्ते. रोज रात्री माझ्या पायाशी झोपतो."

आमच्या वाल्पाराइसो शहराच्या टेकड्यांवर मांजर एका दाराचं नसतं, हे खरं. पण मी तिथं भांडत बसणार नव्हते.

"शू तुंबलीय त्याची. बोक्याच्या जिवावर बेततं हे. एक तर बाजूला व्हा, नाहीतर उचला त्याला."

त्यानं शिडी भिंतीला टेकवली आणि पांचोला छातीशी धरलं... इतकं अलगद, की माझा निम्मा राग तिथंच उतरला. नाव लाउतारो, हे पायऱ्या उतरताना कळलं.

खाली प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टर इर्माबाईंनी पांचोचं पोट चाचपलं आणि शू मोकळी करायला लगेच नळी घातली. मग आमची उलटतपासणी सुरू झाली.

"खातो काय?"

"कोरडे दाणे," मी म्हणाले. "आणि एम्पानादाच्या करंज्यांतलं उरलेलं खिम्याचं सारण."

"माझ्याकडे खारवलेला मासा," लाउतारो पुटपुटला.

"सारणात कांदा असतो, पोरी. मांजराला विषच तो. आणि पाणी?"

"मला वाटायचं, बाहेर कुठेतरी पीत असेल."

"मलाही तेच वाटायचं," तो म्हणाला.

"शेवटची शू कधी केली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही ठाऊक नव्हतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा दोन्हीकडे जेवून आडवा झाला होता.

"वाचेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आता एकच घर. ओलं खाणं, भरपूर पाणी, आणि शूवर रोज लक्ष. कोणाचं घर ते तुम्ही ठरवा."

बाहेरच्या बाकावर आम्ही अंतर ठेवून बसलो.

"तुम्ही बेकरीत असता ना?" त्यानं विचारलं.

"कशावरून?"

"याच्या मिशांना मैदा असतो. एवढे लाड कोण करतंय म्हणून टेकडीवरच्या सगळ्या बेकऱ्यांत पाव घेत फिरलो. तुमचीच तेवढी राहिली होती."

मी हसू दाबलं. पांचोच्या पाठीला दर सकाळी रंगाचा वास यायचा, केस छान विंचरलेले असायचे. ते हात कोणाचे असतील, असं मलाही कितीदा वाटून गेलं होतं. पण बोका सोडायचा नाही, हे माझं ठरलेलं होतं.

"बोका मी देणार नाही," मी सांगून टाकलं. "माझ्याकडेच राहणार तो."

त्याचा चेहरा पडला. "मग मी –"

"तुम्ही रोज संध्याकाळी चहाला यायचं. पाव माझा. पाण्याची वाटी तुम्ही भरायची."

"रोज?"

"रोज. सबबी चालणार नाहीत."

तो थोडा सरकून जवळ बसला. "आणि हा बरा झाल्यावर?"

"बोक्यासाठी बोलावतेय, असं कोणी सांगितलं तुला?"

त्यानं खिशातून एक छोटा कंगवा काढला. पांचोचे केस अजून त्यात अडकलेले होते.

"मग हा तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला, आणि कंगव्याबरोबर हातही माझ्या हातात ठेवला.