डिसेंबरात कूलर मागणारा

डिसेंबरात कूलर मागायला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. अंगात स्वेटर, गळ्याशी मफलर, हातात हेल्मेट... आणि डोळे लाल.

तांडापेठेतल्या आमच्या दुकानाच्या दारात, उन्हात बसून मी कूलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढत होते.

"थंडीनं कुडकुडून राहिले तुम्ही, अन् कूलर पाहिजे?"

"हवा नको," तो घुटमळला. "आवाज पाहिजे."

मी हसले. तो हसला नाही.

अश्विन नाव त्याचं. खापरखेड्याच्या कॉलनीत वाढलेला. पॉवर हाऊसची घरघर रात्रंदिवस कानांवर. आता इथं नागपुरात नोकरी लागली होती, आणि खोली मिळाली ती अगदी शांत गल्लीत.

"कुत्रं भुंकलं का जागा, कोणाचं फाटक वाजलं का जागा," तो म्हणाला. "मले लोक वेडा म्हणतात."

मी वेडा म्हटलं नाही. शांततेत एवढासा आवाजही दचकवतो, मन उठून बघायला जातं – कोण आलं? खाली एकसारखी घरघर असली की बाकीचे आवाज तिच्यातच बुडून जातात. मनाला राखण करायचं काम उरत नाही.

एका जुन्या कूलरची मी मोटर तेवढी ठेवली, पाण्याचा पंप काढून घेतला. "तोंड भिंतीकडे करून लावा. पाणी टाकू नका."

दुसऱ्या दिवशी तो आला. केस नीट विंचरलेले.

"झोपलो," एवढंच म्हणाला... आणि असं पाहिलं, की माझ्या हातातला पेचकस चहाच्या कपात पडता पडता राहिला.

मग त्या कूलरचं रोज काही ना काही बिघडू लागलं.

"आज आवाज बदलला वं त्याचा."

"कूलरचा? का तुमचा?"

तो कानापर्यंत लाजला.

एकदा त्यानं विचारलं, "अन् तुले झोप लागते?"

काय सांगू... भिंतीपलीकडे बाबांचा हातमाग चालायचा, त्याच्या खटक-खट आवाजात मी लहानाची मोठी झाले. लुगडी खपेनात, तेव्हा बाबांनी माग विकला आणि हे दुकान टाकलं. तेव्हापासून माझी झोप कच्चीच.

त्यानं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी बसनं उमरेडला गेला, बायजाबाई नावाच्या विणकरणीच्या मागाशी बसला, आणि मोबाइलमध्ये अख्खी दुपार भरून आणली.

"ऐक," म्हणत त्यानं इयरफोन माझ्या हातात दिला.

खटक-खट... खटक-खट...

डोळे उघडले तेव्हा ऊन दुकानातून निघून गेलं होतं. गालाखाली त्याचा मफलर होता. आणि तो गल्ल्यापाशी उभा राहून कोणाला तरी बल्ब विकत होता – हळू आवाजात, मी उठू नये म्हणून.

त्याच महिन्यात त्याची बदली झाली. रत्नागिरी.

"जाऊ?" दारात उभं राहून त्यानं विचारलं.

नको जाऊस... ओठांपर्यंत आलं होतं. "कूलर घेऊन जा," मी म्हणाले.

"नको. तिथं समुद्र आहे."

उन्हाळा लागला. दुकानात दिवसभर कूलर चालवून बघायचे, गिऱ्हाइकांशी ओरडून बोलायचं. इतक्या गलक्यात मला एकच आवाज ऐकू येत नव्हता. प्रेमिला आत्यानं माझ्यासाठी स्थळ आणलं. रविवारी पाहुणे येणार ठरलं.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला.

"झोप मस्त लागते वं इथं. समुद्र रातभर गाजून राहते."

"चांगलं झालं न मग."

"पण दामिनी... सकाळी उठतो, अन् झोपलो म्हणून सांगाले कोणीच नसते."



"मग जाऊन काहून बसला गा तिथं?"

"तू राहा म्हटलंच कुठं?"

"आता म्हणून राहिली न!" मी रडतच होते. "रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राहिले. त्याच्या आधी ये, घरी येऊन बोल."

"येतो," तो म्हणाला. "रविवारच्या आत येतो. आईले घेऊन."

मागे वळले तर बाबा. "कोणाचा फोन होता वं?"

गिऱ्हाइकाचा, असं म्हणता आलं असतं.

"अश्विनचा," मी म्हणाले. "बाबा, आत्याच्या पाहुण्यांले येऊ नका म्हणा. मले त्याच्याशी लग्न करायचं आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग हात लांब करून चालू कूलरचं बटण बंद केलं, आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"आता सांग," ते म्हणाले. "नीट सांग."