अण्णाप्पांना शेजारी काढायचं होतं

न वाळणारा रंग.

मे महिन्यातला गिरसप्पाचा धबधबा, म्हणजे जवळजवळ कोरडा कडा.

डोळे बारीक केलेली एक बाई. बारा वेळा.

“आक्का, उजेडातनं सरा की!”

खर्र...

यातलं काहीही रचलेलं नाही. गेल्या वर्षी पंधरा ते तीस एप्रिल या दिवसांत, कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत हे घडलं. रात्रीची गोष्ट हवी असेल तर निराशा होईल. रात्री त्या खोलीत काहीच झालं नाही.

जे झालं ते दुपारी झालं. बारा ते तीन. लख्ख उजेडात.

खोली अनुजाची. अनुजा चित्रकार. नवरा-बायकोंनी वर्षानुवर्षं केलेल्या सहलींच्या आठवणी ती जलरंगात काढून देते. लोक जुने फोटो आणतात, किस्से सांगतात. ती त्यांचं लांबलचक घडीचं पुस्तक करते. फोटोत नसलेलंही त्यात घालता येतं. चुकलेली बस, हरवलेली चप्पल, भांडण झालेला बाक. लोक पुस्तक उघडतात आणि हसतात.

पंधरा तारखेला केतन मगदूम आला. बारा फोटो आणि पासपोर्ट आकाराचा एक चेहरा घेऊन.

चेहरा त्याच्या वडिलांचा. अण्णाप्पा मगदूम. बिद्रीला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की घरचं तोंड दिसायचं नाही. हंगाम संपला की मे महिन्यात बायकोला घेऊन बाहेर पडायचे. दरवर्षी. हंपी, विजापूर, श्रवणबेळगोळ, कन्याकुमारी. आणि प्रत्येक गावात बायकोचा एकच फोटो. जास्त नाही. रोल वाया जातो.

“आप्पा सोता एकाबी फोटोत न्हाईत,” केतन म्हणाला. “कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचेच न्हाईत. लोकं हात हलवत्यात म्हणायचे.”

“बरं.”

“आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. आता आईला इसरायचा आजार झालाय. हे फोटो बघती आणि म्हणती, मी एकटीच हिंडले. हेनी मला कुटंच न्हेलं न्हाय, एकटीला सोडलं. दिवसभर रडती वो.” केतनने फोटोंचा गठ्ठा टेबलावर सरळ केला. “फोटोत दिसतंय ती एकटीच. तिचं तरी काय चुकतंय?”

“मग मी काय करू?”

“आप्पांना शेजारी काढा. बाराही चित्रांत. ती मला अजून वळखती. मेपर्यंत वळखंल का म्हाईत न्हाय. डॉक्टर म्हणाले, काय दावायचं ते लवकर दावा.”

तीस एप्रिल ठरली.

अनुजाला काम सोपं वाटलं. बाई आहे, शेजारी एक माणूस उभा करायचा. अशी माणसं तिने कितीतरी वेळा उभी केली होती.

पहिलं चित्र गिरसप्पाचं. केतनची आई, अंजनाकाकू, कठड्याला टेकून उभ्या. उन्हानं डोळे बारीक. डाव्या बाजूला अनुजाने अण्णाप्पांना काढलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हात मागे. छान जमलं. ती जेवायला गेली.

आली तेव्हा अण्णाप्पा ओले होते.

कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये जलरंग पाच मिनिटांत वाळतो. कडा वाळला होता. कठडा वाळला होता. अंजनाकाकूंची साडी खडखडीत कोरडी.

फक्त शेजारचा माणूस ओला...

तिने पंखा लावला. दुसऱ्या दिवशीही ओला. तिने हेअर ड्रायर मारला. कागद वाकडा झाला, माणूस ओलाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णाप्पा कागदावरून खाली उतरले होते.

म्हणजे रंग ओघळला होता. शर्ट, पेन, चेहरा, सगळं हळूहळू घसरून कागदाच्या खालच्या कडेला जमलं होतं. डबकं झाल्यासारखं. काकूंना एक थेंबही लागला नव्हता. काकू परत एकट्या.

अनुजा घाबरली नाही. ती वैतागली.

कागद बदलला. रंगाच्या नळ्या बदलल्या. गिरसप्पा सोडून हंपी, कन्याकुमारी घेऊन पाहिलं.

अण्णाप्पांना उजवीकडे काढलं. ओघळले.

बसलेले काढले. ओघळले.

लांबून येताना काढले, अगदी करंगळीएवढे. संध्याकाळपर्यंत तेही खालच्या कडेला.

खाली घरमालकीण आक्का राहायच्या. त्या वर आल्या, कागदांचा ढीग बघितला.

“काय गं हे? माणसं धुऊन वाळत घातलीस व्हय?”

“रंग वाळत नाहीये, आक्का.”

“बोरचं पाणी घेतलं असशील. त्यात डाळबी शिजत न्हाय, तुजा रंग काय वाळतोय!”

“बाई वाळतीय की त्याच पाण्यात. बाप्याच वाळत नाही.”

“मग बाप्यालाच वाळायचं नसंल,” आक्का म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

त्या चेष्टेनं म्हणाल्या. अनुजाला चेष्टा सोसली नाही. तिने अख्खं भांडं मोरीत ओतलं आणि पिण्याचं पाणी घेतलं.

तेविसाव्या कागदावर सावली पडली.

डाव्या खांद्यामागून. टेबल खिडकीजवळ, उजेड मागून येणारा. मागे कुणी उभं राहिलं की कागद काळवंडतो. चित्रकाराला याइतका राग कशाचाच येत नाही.

“आक्का, उजेडातनं सरा की!”

सावली सरली नाही.

“आक्का, ऐकू येतंय का...”

ती वळली.

मागे कुणी नव्हतं. दार बंद. खालच्या मजल्यावर आक्का फोनवर मोठमोठ्यानं बोलत होत्या.

कागदाकडे पाहिलं तर उजेड परत आला होता.

दुसऱ्या दिवशी परत. बारा वाजून काही मिनिटांनी. तिसऱ्या दिवशी परत. अनुजा ब्रश खाली ठेवायची, सावली जायची. ब्रश अण्णाप्पांच्या जागेवर टेकवला की सावली यायची. कडा काढताना नाही, काकूंचा पदर काढताना नाही.

फक्त त्या जागेवर.

मग आवाज सुरू झाला.

खर्र...

आणि थोड्या वेळानं... खट्.

तिने खिडकी तपासली. पंखा तपासला. शेजारच्या घरात जाऊन मिक्सर चालू आहे का विचारून आली. लोकांनी तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. परत येऊन बसली.

खर्र...

जुन्या कॅमेऱ्याचा रोल पुढे सरकवतात, तसा आवाज. आणि खट् म्हणजे फोटो निघाल्याचा. तिच्या लहानपणी घरात असा कॅमेरा होता. तो आवाज तिला पक्का माहीत होता. पण माहीत असून उपयोग काय? पाच दिवस उरले होते आणि एक चित्र पूर्ण नव्हतं.

तिने केतनला फोन लावला.

“तुमच्या वडिलांचं चित्र टिकत नाहीये.”

“टिकत न्हाय म्हंजे?”

“म्हणजे वाळत नाही. एकेचाळीस कागद झाले.”

“अवो ताई, तुम्ही चितारी हाय न्हवं? मला काय सांगतासा?” त्याचा आवाज चढला. मग एकदम उतरला. “काल आईनं मला इचारलं, पावणं, तुम्ही कुटनं आलासा?”



फोन ठेवून अनुजाने सगळे वाया गेलेले कागद फरशीवर पसरले. एवढं काम कुठे चुकलं ते शोधायला. आणि तेव्हा पहिल्यांदा तिला दिसलं.

खालच्या कडेला जमलेलं डबकं... सगळ्या कागदांवर सारखंच होतं.

हंपी असो, कन्याकुमारी असो. माणूस डावीकडे काढलेला असो की उजवीकडे. रंग घसरून एकाच आकारात वाळला होता. मधे गोल डोकं. दोन्ही बाजूंना बाहेर आलेली दोन कोपरं.

डोळ्याला कॅमेरा लावलेल्या माणसाची सावली.

ती काकूंच्या पायांच्या दिशेनं पडलेली.

अनुजाने मूळ फोटो काढले. एकेक करून बघितले. एकाही फोटोत सावली नव्हती.

पण त्या बाराही फोटोंत काकू सरळ समोर बघत होत्या. कॅमेऱ्यात. अनुजाने चित्रंही तशीच काढली होती. डोळे समोर.

आता चित्रांतले डोळे समोर नव्हते.

किंचित वर होते. अनुजाच्या डाव्या खांद्याच्या वर...

 पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी संताप आला. दहा दिवसांचा.

“शेजारी उभं राहायला काय होतंय तुम्हाला?” ती मोकळ्या खोलीत ओरडली. “बायको रडतीय तिकडं! एकटीला सोडलं म्हणतीय!”

खोलीत शांतता.

पंख्याचाही आवाज येईना. पंखा फिरत होता.

खर्र...

आणि पुढचं काही नाही. खट् आलंच नाही. कुणीतरी वाट बघत थांबल्यासारखं. अजून जरा थांब, हलू नको, असं म्हणत थांबल्यासारखं.

अनुजाने नवा कागद घेतला. गिरसप्पा काढला. काकूंना काढलं. शेजारी कुणालाही काढलं नाही. शेवटी ब्रशमधलं मळकट पाणी खालच्या कडेला सांडू दिलं आणि हात मागे घेतला.

पाणी आपलं आपण पसरलं. डोकं. कोपरं.

दोन मिनिटांत वाळलं.

खट्.

बारा चित्रं तीन दुपारांत झाली. बारा वेळा खट् ऐकू आलं. अनुजाने मोजलं, कारण दुसरं काही करायची हिंमत नव्हती.

तीस तारखेला दुपारी साडेबाराला केतन आईला घेऊन आला. काकूंना जिना चढवताना आक्कांनी हात दिला. काकूंना अनुजाच्या खुर्चीवर बसवलं. केतनने आधी पुस्तक स्वतः उघडलं. एक पान. दुसरं. भराभर बारावं.

“ह्यात आप्पा कुटं हाईत?”

“ती खालची सावली...”

“सावली?” त्याचा चेहरा लाल झाला. “मी माणूस काढायला सांगितलतं! परत एकटीच काढलीसा की तिला! पंधरा दिवस गेले, ताई. माझ्याकडं दुसरं पंधरा दिवस हाईत का?”

 खरं सांगावं तर कुणी ऐकणार नव्हतं.

“दाव की तिला,” आक्का केतनला म्हणाल्या. “आलाच हाईस तर.”

केतनने पुस्तक आईच्या मांडीवर आपटल्यासारखंच ठेवलं. काकूंनी पहिलं पान पाहिलं. बोटानं काठ चाचपला.

“ही बाई कोण?”

केतनने तोंड फिरवलं.

काकूंनी दुसरं पान उलटलं. तिसरं. चेहऱ्यावर काहीच नाही. जणू दुसऱ्याच्या घरचा अल्बम.

आणि पुस्तकावर सावली पडली.

अनुजा भिंतीला टेकून उभी होती. आक्का दाराशी. केतन बाजूला. खुर्चीमागे खिडकीपर्यंतची फरशी रिकामी होती. सावली तिथून येत होती. ती तिघांनीही पाहिली. आक्कांनी तोंडावर पदर घेतला.

काकूंनी मान वर केली. मागे वळून बघितलं.

आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“किती येळ वो?”

कुणी हललं नाही.

“ऊन लागतंय मला. काढा की आता!” काकूंनी खुर्ची वळवायला लावली, खिडकीकडे तोंड करून. पदर खांद्यावर नीट केला. हनुवटी वर केली. डोळे बारीक केले. “जलमभर असंच. हिकडं सर, तिकडं सर. एक फोटो काढायला अर्धा तास. केतन, सांग की रं तुज्या आप्पास्नी!”

केतन खुर्चीशी खाली बसला. आईनं त्याला नावानं हाक मारली होती. कित्येक दिवसांनी.

खर्र...

आवाज सगळ्यांनी ऐकला.

सगळे थांबले. पुढच्या आवाजासाठी. एक मिनिट. दोन मिनिटं. काकूंनी श्वास धरला होता...

तो आलाच नाही.

तीनला सावली गेली. काकू तशाच बसलेल्या. त्यांना उठवून घरी न्यायला दोघं लागले.

आता काकू रडत नाहीत. एकटी हिंडले असं एकदाही म्हणाल्या नाहीत. येईल त्याला सांगतात, हेनी मला सगळीकडं न्हेलं, पण उन्हात उभं करून करून जीव घेतला. केतनला ओळखतात. ठरलं होतं ते सगळं झालं.

फक्त रोज दुपारी बाराला अंगणाकडे तोंड करून बसतात. हनुवटी वर, डोळे बारीक. जेवायला हाक मारली की ओठ न हलवता बोलतात.

“हलू नको म्हणालेत.”

तीनपर्यंत.

केतन दर आठ-पंधरा दिवसांनी अनुजाला फोन करतो. चिडून. तुम्हीच काहीतरी करून ठेवलंत, आता तुम्हीच सोडवा, म्हणतो. अनुजाही चिडते. काय सोडवायचं ते तिलाही ठाऊक नाही. तिने सहलींची पुस्तकं बंद केली आहेत. टेबल खिडकीपासून हलवलं आहे. दुपारी ती खोलीत बसत नाही, खाली आक्कांकडे जाऊन बसते.

तिथेही अधूनमधून वरून ऐकू येतं.

खर्र...

मग दोघी बोलायच्या थांबतात.

अण्णाप्पा गेले तो रविवार होता. बायकोला अंगणात उभं राहायला सांगून ते कॅमेरा आणायला आत गेले ते परत आलेच नाहीत, आणि त्या पाऊण तास उन्हात उभ्या होत्या.