पुढच्याचं चाक

लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत एक रीत असते. पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा, मागच्यानं त्याच्या चाकाला चिकटून दम राखायचा. खड्डा आला की पुढचा हातानं दाखवतो. मागच्यानं रस्ता बघायचाच नाही, फक्त पुढच्याचं चाक बघायचं. विश्वासाचा मामला!

त्या दिवशी थोरला मात्र एकटाच घाट चढत होता. गेल्या वर्षीच्या फेरीत याच घाटात त्याचा धाकटा भाऊ धुक्यात मागं पडला, तो पडलाच. ना सायकल मिळाली, ना माणूस. शोधणाऱ्यांनी हात टेकले. आईनंही आशा सोडली, पण हट्ट सोडला नाही. निघताना म्हणाली, "हाडं असली तरी चालतील... पण घेऊन ये रे बाबा." आईवर असं बोलायची वेळ यावी!

खिंडीजवळ धुकं उतरलं. ओल्या दगडांचा, कुजक्या पाल्याचा वास दाटला. समोरून वारा असा, की पायडल मारावं आणि जागच्या जागी राहावं. आणि मग तो वारा एकदम लागेनासा झाला. आवाज तसाच घोंघावत होता, पण अंगाला झुळूकही नव्हती.

पुढं एक चाक फिरत होतं. निळी सायकल. डाव्या खांद्यावर झुकलेली पाठ.

"अरे फुकट्या!" थोरल्याच्या तोंडून निघून गेलं. जन्मभर दादाच्या आडोशानं सायकल हाकणारा आज पुढं झाला होता. थोरल्याचे डोळे भरून आले.

"घरी चल रे... आई वाट बघतेय."

"ये ना, दादा... जवळच आहे."

पुढच्यानं खड्डा दाखवला. खरंच खड्डा होता. पुन्हा दाखवला, पुन्हा होता. मग थोरल्यानं रस्ता बघणं सोडलं. त्याला भाऊ हवा होता, रस्ता काय करायचाय?

चाकाखाली डांबराऐवजी गवत लागलं, तेव्हा त्यानं दोन्ही ब्रेक आवळले. समोरचे दगड निसटून खाली गेले. पडल्याचा आवाज काही आला नाही. निळी सायकल तशीच सरळ, अधांतरी पुढं गेली.

"दादा...?"

थोरल्यानं ऊर फुटेस्तोवर हाका मारल्या. त्या ऐकून खिंडीतल्या निवाऱ्याचा राखणदार धावत आला. धुकं जरा विरल्यावर तो दोर बांधून दरीत उतरला. थोरला काठावर सायकल धरून उभा राहिला.

"सायकली आहेत..." खालून आवाज आला. "बऱ्याच. काही पार गंजल्यात. एकामागं एक, चाकाला चाक लावून उभ्या."

"आणि माणसं?"

"कुणीच नाही."

थोरल्यानं सायकलच्या मुठी घट्ट धरल्या. हाडंसुद्धा नाहीत. आता आईच्या ओटीत काय घालायचं?

"निळी असेल बघा... सगळ्यात शेवटी."

खालून रांगेच्या टोकाकडे जाणारी पावलं वाजली.

"निळी आहे. पण शेवटची नाही. तिच्या मागं अजून एक आहे... पिवळ्या मुठींची. हिचं चाक अजून फिरतंय."

थोरल्यानं हळूच आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांखालच्या मुठी पिवळ्याच होत्या.

"अहो..." राखणदाराचा आवाज आता अगदी दबका झाला. "तुम्ही वरच आहात ना?"