आत्यांच्या पंगतीत

हेमकांत पहिल्यांदा भेटला तेव्हा माझा डोळा त्याच्यावर नव्हताच... त्याच्या डब्यावर होता!

शहाद्याच्या एसटी स्टँडवर आमच्या प्रकाशा गावाची गाडी लागायचं नाव घेत नव्हती. श्रावणातली भुरभुर, नुकतंच सुटलेलं कॉलेज आणि पोटात कावळे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला हे महाशय — कोपरापर्यंत शाडूची माती, भुवईलाही माती — मांडीवर डबा उघडून बसलेले. डब्यात कानबाईचे रोट आणि लाल भोपळ्याची, आमच्या गंगाफळाची, भाजी.

"एकलाच खाई ऱ्हायना का?" मी विचारलंच. अनोळखी मुलाशी असं बोलू नये हे घरी शिकवलं होतं, पण माझं तोंड कधी कुणाचं ऐकत नाही.

त्यानं डबा जवळ ओढला. "रोट शेत. परक्याले देतस नही."

"माले काय सांगस? आमना घर बी कानबाई शे."

"मंग इचारस काबरं?" त्यानं वर पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि हसला. "खाना व्हई तं... घरनी व्हनं पडी."

मी चक्क लाजले. माझ्या बाबतीत ही बातमीच!

खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठमूठ गहू काढून रोट करतात आणि ते भाऊबंदांतच खातात. घरात आलेल्या सुनेचा त्यावर हक्क. लग्न करून दिलेल्या लेकीचा नाही. आमच्या आत्या कानबाईला आल्या की ओट्यावर वेगळ्या बसतात आणि वरणभात जेवतात. म्हणजे त्या मातीनं माखलेल्या पोरानं पहिल्याच भेटीत मला मागणी घातली होती!

तो खापर गावचा. शहाद्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडवायचा. मग काय, माझ्या गाडीला रोजच उशीर व्हायला लागला. कारखान्यात एका पोत्यावर मी बसायची आणि तो माझा चेहरा मातीत करायचा.

"हालू नको ना, मयूरी."

"मच्छर चावी ऱ्हायना."

"चावू दे. तुन्ही हनुवटी काही हातमा येत नही."

"मंग... हात लाई दख ना."

बोलून गेले आणि कानापर्यंत तापले. त्यानं खरंच बोट लावलं. ओल्या मातीचं, गारेगार. चेहरा काही पुरा झाला नाही, कारण त्यानंतर आम्हा दोघांनाही नीट बसता येईना.

मग त्याला इटलीतल्या दगडकामाच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. निघताना याच स्टँडवर म्हणाला, "दोन वरीस. तोवर तुन्हा घरना रोट खाय. मंग..."

ते 'मंग' मी जपून ठेवलं. दोन वर्षं फोन येत राहिले. तिकडचा पांढरा दगड, तिकडची थंडी, 'जेवनी का?' सगळं बोलायचो, तेवढं एक सोडून. तिसऱ्या श्रावणात मात्र माझा धीर सुटला. वाटलं, तो विचारत नाही तर न विचारो, मी तर मनानं खापरचीच झालेय ना! त्या रविवारी मी घरचा रोट खाल्ला नाही. "पोट दुखस," असं आईला सांगितलं आणि हिरव्या बांगड्या भरलेल्या हातात वरणभाताचं ताट घेऊन अनुसया आत्याशेजारी ओट्यावर बसले. काय आनंद झाला होता! देवीसमोर, सगळ्यांसमोर लग्न केलं होतं मी, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

त्या रविवारनंतर त्याचा फोन कधीच आला नाही. नंबरही बंद.

रडले, चिडले, त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. गोऱ्या बाया मिळाल्या असतील मेल्याला! स्थळं आली, मी खोट काढत गेले. मग स्थळं यायची थांबली. बाबांचं शहाद्यातलं कृषी केंद्र मी सांभाळायला लागले. आणि दर कानबाईला माझं पोट न चुकता दुखत राहिलं. रागावले होते, पण ओट्यावरून उठवत नव्हतं.

यंदा, कानबाई होऊन चार दिवस झाले असतील. दुकान बंद करून स्टँडवर आले, तर त्याच बाकावर...

दाढीत पांढरं आलेलं. शेजारी त्याची आई, जमनाबाई, गाठोडं आवळून बसलेली.

"मयूरी?" तो उठून उभाच राहिला. "कशी शे तू?"

"तू कसा शे ते सांग. मोठा माणूस!"

आईला कायमचं न्यायला आला होता. मुंबईची गाडी, मग विमान. खापरची कानबाई चुलत्यांकडे दिली. बायको तिकडचीच, एक मुलगी. हे सगळं त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं. मग फोन काढला. "हाई मन्ही पहिली मूर्त. तठे तीन वरीस दुसरासन्याच मूर्ती घासी ऱ्हायंतू. सोतानं काही सुचे ना. मंग हाई व्हयनी, तिनीच माले नाव दिधं."

पांढऱ्या दगडाची बाई. खांबाला टेकून पायरीवर बसलेली, मांडीवर ताट, चेहरा पलीकडे वळलेला. तो खांब माझ्या ओळखीचा होता. आमच्या ओट्याचा.

"नाव काय दिधं इले?"

"माहेरवाशीण." मग म्हणाला, "त्या वरीसले कानबाईना दिन मी तुन्हा गावले उंथू, मयूरी. तुले न सांगता. तुन्हा बाबाले इचारनं व्हतं. गल्लीमाच थांबनू... तू आत्यासमा बठेल व्हती. हिरव्या बांगड्या, ताटमा रोट नही. समजनू, पोर लगीन करीसन दिधी."

"कोनले इचारं नही?"

"काय इचारू? रोट नही म्हंजे नही."

"आनि फोन?"

"दुसराना घरनी बाई. फोन कसा करू?"

ज्या ताटानं मी त्याची झाले, तेच ताट बघून तो परत गेला होता! ओरडून सांगावंसं वाटलं, मूर्खा, ते तुझ्यासाठी होतं... त्याचा अंगठा काचेवर सरकला आणि पुढचा फोटो आला. पुढचे दात पडलेली चिमुरडी, हनुवटीला शाडू लागलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा जीभ आवरली. सांगून फक्त माझं ओझं उतरलं असतं, आणि ते त्या पोरीच्या घरात जाऊन पडलं असतं.

"सासर कोठलं तुन्हं?" त्यानं हळूच विचारलं.

जिभेवर 'खापर' आलं होतं. ते गिळलं. "नवापूर."

"सुखी शे ना?"

"दखस ना कशी जाडी व्हयनी ते!"

तो हसला. अगदी तस्साच. गाडी लागली. जमनाबाईंच्या पिशवीत डबा दिसत होता. पौर्णिमेच्या आत संपवायचे उरलेले रोट. मला राहवलं नाही. "मावशी, एक तुकडा द्या ना."

जमनाबाई गोंधळल्या. त्यानं पिशवी उचलली, आणि जुनी गंमत आठवून म्हणाला, "रोट शेत. परक्याले देतस नही..."

मी वाट बघत राहिले. पुढचं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं असावं, कारण त्यानं एकदम मान फिरवली. मग आईचा हात धरून त्यानं तिला पायरीवर चढवलं. खिडकीतून त्यानं हात केला, मीही केला.

घरी पोचले तेव्हा आई चुलीशी होती.

"आई, रोट शे का शिल्लक?"

"कोनले?"

"माले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. उठून शिंक्यावरचा डबा काढला, रोट ताटलीत ठेवला, वर दूध ओतलं.

"हाऊ कोना नावना?" मी विचारलं.

"तुन्हाच. दरसाल तुन्ही मूठ काढस मी. तू खात नही म्हनीसन मीच खाई लेस." तिनं ताटली माझ्याकडे सरकवली. "पोर घरनीच शे ना आजून."