उशिरा येणारी ओ

“खिडकी लावू का गं?”

बसा काका, सगळं सांगते. म्हणूनच तर तुम्हाला बोलावून घेतलं. बाबांच्या बसवर इतकी वर्षं कंडक्टर होतात तुम्ही. त्यांना तुमच्याइतकं कोण ओळखतं? ते बघा, तिथे खुर्चीत बसलेत. हसतील तुमच्याकडे बघून. थोडं थांबावं लागतं, एवढंच.

सुरुवात अगदी साधी झाली. मी परदेशात व्यायामोपचार शिकून परत आले, तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती. आपल्याकडची माणसं रोगाने नाही, बसून राहून मरतात. ही माणसं मी उठवणार. तिकडे चांगली नोकरी मिळत होती, ती नाकारली. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस. मी म्हटलं, असेन. आणि घरी येऊन बघते तर माझा पहिला रुग्ण घरातच! बाबांच्या छातीवर ऑपरेशनचा ताजा व्रण, उशाशी गोळ्या, आणि दिवसभर बसायला ती खुर्ची.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम हवा, पण गुडघ्यांवर भार नको. मी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन वल्हवायचं यंत्र घेतलं आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून घरी आणलं. तेच ते, भिंतीला उभं करून ठेवलंय. लांब रूळ, त्यावर सरकणारी बैठक, पाय अडकवायचे पट्टे, पुढे ओढायची मूठ. मूठ ओढली की त्या गोल टाकीतलं पाणी घुसळतं. खळ्ळ... मग शांत. पुन्हा खळ्ळ. समोर पडदा आहे, त्यावर शिकवणी चालते.

आई गेल्यापासून आत्याच आमचं घर सांभाळते. तिने कंबरेवर हात ठेवून यंत्र बघितलं आणि म्हणाली, “हॉलमध्ये होडी आणलीस? आता एक जाळं पण आण. संध्याकाळच्या भाजीचा प्रश्न सुटेल.”

बाबांची तक्रार वेगळीच होती. वल्हवणारा ज्या दिशेला जातो, तिकडे त्याची पाठ असते ना? “आयुष्यभर काचेतून समोर बघून गाडी हाकली,” ते म्हणाले. “आता म्हातारपणी मला रिव्हर्समध्ये घालतेस होय, मास्तरीणबाई?”

“बाबा, ही गाडी कुठे जात नाही.”

“गाडीत बसलं की गाडी जाते. न बघता जाणारा मी नाही.”

मग त्यांनी पेटीतून बसचा जुना गोल आरसा काढला आणि यंत्राच्या दांड्याला तारेने आवळून बसवला. मागची भिंत, खुंटी आणि खुंटीवरची आत्याची छत्री त्यात दिसायची. बाबांचं समाधान झालं. मी हसले. माणूस यंत्रावर बसतोय ना, बस्स.

पडद्यावर एक बाई यायची. डोक्यावर टोपी, आवाज गोड. ती होडीत आपल्याकडे तोंड करून बसलेली, आणि तिच्या मागे, आपण सोडून आलेला काठ. “पाय, पाठ, हात,” ती म्हणायची. “आता उलट. हात, पाठ, पाय. पुढे काय आहे ते बघायचं काम माझं. तुम्ही फक्त ओढा.”

बाबा ओढायचे. रोज दुपारी, जेवण जिरलं की. चेहऱ्यावर रंग आला. जिने चढताना धाप लागेना. प्रत्येक शिकवणी आदल्या दिवशी जिथे संपली तिथूनच पुढे सुरू व्हायची. काठावर एक पत्र्याची खोली होती आणि दोरीवर वाळत घातलेलं काहीतरी लाल. रोज ती खोली लहान होत गेली. मला ते चित्रीकरण फार आवडलं. केवढा विचार केलाय, असं मी आत्याला सांगितलंसुद्धा.

मग ओ उशिरा यायला लागली.

आधी अगदी थोडीशी. “बाबा, चहा?” म्हटलं की एक श्वास जाईल इतका उशीर, आणि मग, “आण की.” मला तो उशीर ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. एका दुपारी आठवलं आणि हातातला कप तसाच राहिला. मी परदेशात असताना फोनवर असंच व्हायचं. माझा शब्द इकडे पोचायला वेळ लागायचा. बाबा हसून म्हणायचे, “एवढा समुद्र ओलांडून येतोय बिचारा, दमत असेल.”

पण आता ते माझ्यासमोर बसले होते, हात लावता येईल इतके जवळ.

आत्याने उडवून लावलं. “दादा लहानपणापासून तसाच. आई हाका मारून घसा फोडायची, तेव्हा कुठे हा ओ द्यायचा.” मी त्यांचे कान तपासून घेतले. कान उत्तम. डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि खूश होऊन विचारलं, “मग, कसं वाटतंय आता?” बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मीच काहीतरी बोलून त्यांना बाहेर आणलं. मी घरचं कुलूप उघडत होते, तेव्हा बाबा मागून म्हणाले, “झकास वाटतंय डॉक्टर. तुमची कृपा.”

मला काहीच कळेना, काका. कागदावर बाबा बरे होत होते. मी ज्यासाठी परत आले तेच घडत होतं. आणि रोज ते थोडे थोडे लांब चालले होते. मला आनंद झाला पाहिजे की रडायला पाहिजे, तेच समजत नव्हतं.

पडद्यावर आता काठ उरला नव्हता. नुसतं करडं पाणी. खोलीत वास यायला लागला, शेवाळाचा, ओल्या लाकडाचा. मी टाकीतलं पाणी बदललं. वास गेला नाही. बाबा वल्हवताना एकसारखे त्या आरशात बघायचे आणि मधूनच मान हलवायचे, ओळखीचा थांबा आल्यासारखी. मी त्यांच्यामागे उभी राहून आरशात डोकावले. भिंत, खुंटी, छत्री.

“काय दिसतं बाबा तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. शांत, समाधानी.

“रस्ता मोकळा आहे.”

त्याच दिवशी मी पडद्याची वायर काढली, यंत्र उभं करून भिंतीला टेकवलं. बाबा खुर्चीत बसून राहिले. मग मी बघितलं, त्यांच्या मुठी वळलेल्या होत्या. आधी पाय किंचित रेटले जायचे... मग पाठ... मग हात. आता बघा ना त्यांच्याकडे, नीट बघा. अजूनही.

आणि टाकीतलं पाणी, काका. यंत्र भिंतीला उभं, कोणाचा हात नाही. खळ्ळ... मग शांत...

मी रडत बसणाऱ्यातली नाही. मनात म्हटलं, ज्याने नेलं तेच परत आणेल. यंत्र आडवं केलं, स्वतः बसले. आधी मूठ उलटी ढकलून बघितली. मुठीचा पट्टा सैल पडून लोंबकळला. हे यंत्र एकाच बाजूने ओढतं. परत यायची सोयच नाही त्यात. मग दुसरा मार्ग कोणता? त्यांना गाठायचं, आणि तोंडावर सांगायचं, बाबा, पुरे.

मी वायर जोडली. टोपीवाली बाई पडद्यावर आली, जणू माझीच वाट बघत होती. मी रोज ओढत गेले. आत्या म्हणायची, “तू तरी बस कर, हाडं दिसायला लागली तुझी.” आणि एका दुपारी आरशात भिंत नव्हती.

पाणी होतं. लांबवर एक होडी, आणि तीत माझ्याकडे तोंड करून बसलेला माणूस. वल्हवणाऱ्याचं तोंड मागेच असतं ना. तो मला इतके दिवस बघत होता, आणि माझीच त्याच्याकडे पाठ होती.

“बाबा!” मी ओरडले.

“ओ!” लगेच. कितीतरी दिवसांनी, लगेच.

“परत चला बाबा.”

“याला रिव्हर्स नाही गं, मास्तरीणबाई.”

“मग थांबा तरी. मी येईपर्यंत.”

ते हसले. म्हणाले, “कंडक्टरने सांगितल्याशिवाय ड्रायव्हर मध्येच गाडी थांबवत नसतो. तुला माहीत नाही का?”

तेव्हा मला तुम्ही आठवलात. मी समोर पडद्याकडे बघितलं. तिथे काठ होता, बोटाएवढा. काठावर आत्या उभी, तोंडाशी हात धरून हाक मारत होती. तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

तेव्हापासून बाबांशी माझं छान बोलणं होतं, काका. शब्दाला शब्द. आत्याने यंत्र पुन्हा भिंतीला टेकवलं. ती मात्र म्हणते, तुम्ही दोघं दिवसभर गप्प बसता. तिला काय झालंय कोणास ठाऊक. स्वयंपाकघरात एकटीच रडते.

म्हणून तुम्हाला त्रास दिला. बसच्या पत्र्यावर तुम्ही एक थाप मारलीत की बाबा थांबायचे, दोन मारल्यात की निघायचे. भर गर्दीत, भर पावसात, त्यांनी तुमची थाप कधी चुकवली नाही. आमच्या दारावर एकच थाप मारा. जोरात. आत्ता मारलीत तर कधीतरी पोचेल. फक्त एकच हं. चुकूनसुद्धा दोन नको...

मारलीत का? मला काही ऐकू आलं नाही अजून.

अं? खिडकी ना? लावा की, काका. पाण्यावरून केवढा गार वारा येतोय. विचारायचं काय त्यात...

काका?

हे काय, तुमचा कप तसाच? चहावर जाड साय धरलीये. आणि आत्याने दिवे कधी लावले? आत्ता तर दुपार होती. आत्ताच तर तुम्ही येऊन समोर बसलात...

थांबा, उठू नका. ते बघा, बाबा तुमच्याकडे बघून हसले.