आधी कोणाला जाऊ द्यायचं

शरयू भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कॉलेजात कम्प्युटर शिकली, नोकरीला लागली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. भिंतीवर पाल दिसली की त्या खोलीला सुट्टी. "ताई किंचाळली की तिकडे वाईच्या घाटावर भटजींचा मंत्र चुकतो," असं तिचा धाकटा भाऊ सौमित्र म्हणायचा. अशा मुलीच्या वाट्याला त्या संध्याकाळी जे आलं, ते एखाद्या धीटाच्या वाट्याला आलं असतं तर त्यानं घर सोडलं असतं. ती सोडू शकली नाही. कारण सौमित्रला चालता येत नव्हतं.

साल नव्व्याण्णव. दसऱ्याच्या सुमाराला सौमित्र मोटरसायकलवरून पडला आणि उजवा पाय मोडून बसला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. दिवाळीनंतर फोटो काढला तर डॉक्टर म्हणाले, हाड सांधत नाहीये. महिनाभर वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. त्या दिवसापासून पोरगा भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. ताटातलं तसंच ठेवायचा. वाईहून त्यांचे वडील, तात्या, आले, त्याच्या उशाशी बसले, आणि परत जाताना दारात शरयूला एवढंच म्हणाले, "शरू, त्याला जप गं. पायाचं डॉक्टर बघतील. मनाचं तुझ्याकडे."

तो हसायचा फक्त खेळताना. सांगलीचा त्याचा मित्र देवदत्त आणि तो, दोघं फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडून बंदुकांचा खेळ खेळायचे. पण लाइन एकच, आणि शरयूची नोकरीही तिच्यावरच. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरून वेबसाइटची पानं बनवायची आणि फोटोंच्या जड फायली पाठवायची. तिनं फोटो पाठवायला घेतला की त्याचा खेळ जागीच थिजायचा.

"मेलो! ताई, तुझ्या त्या पैठणीच्या फोटोनं मारलं मला!"

"माझी नोकरी आहे ती, सोम्या."

"आणि माझा जीव?"

थट्टेतच म्हणाला तो. तिच्या मात्र काळजात रुतलं.

मग तिनं भंगारात निघालेला एक जुना कम्प्युटर आणला, त्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली आणि त्याला फोनला जोडलेला मोडेम आणि दोघांची यंत्रं यांच्या मधे बसवलं. काम एकच : कोणी आधी जायचं ते ठरवणं. एसटीच्या दारात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई अडकली की मागचे मोकळ्या हातांचे सगळे खोळंबतात; शहाणा कंडक्टर म्हणतो, मावशी, जरा बाजूला, सुट्टे आधी चढू द्या. तसंच. खेळाचे तुकडे बारके, सुट्टे. त्यांना आधी सोडायचं. फोटोचा भारा मागून. तिनं नियम लिहिले, आणि पहिल्याच दुपारी सौमित्र ओरडला, "अगं, लोण्यासारखं चाललंय!" त्या रात्री त्यानं भाकरी मागून घेतली.

आता घर कसं होतं ते ऐका. साताऱ्याच्या कडेला, गोडोलीच्याही पुढे, अंबूबाईंचं घर, या भावंडांनी त्याच पावसाळ्यात भाड्यानं घेतलेलं. मूळच्या त्या वडूजकडच्या, मेंढपाळ घरातल्या. नवरा सैन्यात होता, त्याच्या पेन्शनीत हे बांधलेलं. स्वतः शेजारच्या दोन खोल्यांत राहायच्या. पुढच्या दारातून शिरलं की सरळ लांब बोळकांडी, आणि तिच्या शेवटाला, अगदी समोरासमोर, मागचं दार. मागे उतार आणि ओढा. सौमित्रची खाट कुठल्याच खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून ती बोळकांडीच्या टोकाला, मागच्या दाराला कडी घालून त्यालाच आडवी टेकवली होती. शेजारी स्टुलावर त्याचा कम्प्युटर. पुढच्या खोलीत फोन, शरयूचं टेबल आणि ते जुनं यंत्र. त्यातून निघालेली काळी वायर बोळकांडीभर जमिनीवरून त्याच्यापर्यंत. खाट तिथं टाकली तेव्हा अंबूबाई दिवाळीला वडूजला गेलेल्या होत्या, अजून परतल्या नव्हत्या.

दिवसभर सगळं सुरळीत. पण दिवेलागणीला खेळ थांबायचा. रोज.

"ताई, पाठवतेयस का काही?"

"नाही रे. मी देवापाशी दिवा लावतेय."

खरंच ती काही पाठवत नसायची. तिनं आपलं यंत्र काढून टाकून पाहिलं, तरी तेच. पुण्याकडची लाइन तपासली, ती चोख. मग तिनं त्या जुन्या यंत्रातून थेट सौमित्रच्या यंत्राला हाक मारायला लावली. हे यंत्र हाक देतं, ते यंत्र ओ देतं, मधे किती वेळ गेला ते पडद्यावर उमटतं. एरवी पापणी लवायच्या आत ओ यायची. दिवेलागणीला हाक गेली... आणि ओ येईना. आली ती किती तरी वेळानं. हरवलं काहीच नव्हतं. सगळं आपापल्या क्रमानं आलं होतं, फक्त कुणाची तरी वाट बघत थांबलं होतं.

म्हणजे अडत होतं ते सांगलीत नाही, पुण्यात नाही. घरात. बोळकांडीत.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तिनं भीतीला शिक्षणाचा लगाम घातला : वायर खराब असेल. वायर बदलली. पुन्हा तेच. तिकडे सौमित्र चिडचिडा व्हायला लागला. दोन दिवस खेळलाच नाही, ताटही तसंच परत आलं. तेव्हा मात्र ती इरेला पेटली. यंत्रापुढे बसली आणि नवा नियम लिहिला, सगळ्यांच्या वरचा : खेळ आधी. बाकी जे कोणी असतील त्यांनी थांबायचं.

बाकी कोण असतील, याचा विचार तिनं केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली. तिनं दिवा लावला, श्वास रोखून कान दिला. खेळ थांबला नाही. बोळकांडीच्या टोकाकडून बंदुकांचे आवाज आणि सौमित्रच्या शिव्या, दोन्ही धडाक्यात. "देव्या, आज तुझी खैर नाही!" शरयूनं हात जोडले. बरं वाटलं तिला. चहा टाकायला उठली.

आणि तिला वास आला.

ओल्या लोकरीचा. भिजलेल्या घोंगडीचा, लेंड्यांचा, चिखलाचा. आधी पुसट, मग दाट, मग इतका की घशात बसावा. बाहेर पाऊस नव्हता. कार्तिकातलं कोरडं, स्वच्छ आभाळ होतं.

"ताई..."

त्याचा आवाज असा तिनं कधी ऐकला नव्हता.

"काय रे?"

"पुढचं दार लाव ना... गार वारं येतंय."

"लावलेलंच आहे, सोम्या."

थोडा वेळ नुसता बंदुकांचा आवाज. मग अगदी हळू, "ताई, इथं... माझ्या पायाशी कोणीतरी श्वास घेतंय."

ती बोळकांडीच्या तोंडाशी आली. दिवा चालू होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं लख्ख दिसत होतं. बोळकांडी रिकामी होती. आणि तरी तिच्यात उभं राहायला जागा नव्हती.

फुरफुर, खूर टेकल्याची टकटक, एखादा दबलेला खोकला. एकमेकांना रेटून थोपलेलं काहीतरी. ते खाटेपर्यंत जाऊन तुंबलं होतं, आणि मागून येणारं थांबत नव्हतं. खाट मागच्या दारावर कुरकुरत होती. सौमित्र उशीला घट्ट चिकटला होता. "अंगावर येतंय गं... ताई, मला उठता येत नाही..."

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. शरयू किंचाळली, अगदी वाईपर्यंत जाईल अशी. आणि मग तिनं दार उघडलं.

अंबूबाई होत्या. वडूजच्या गाडीतून उतरून तशाच आलेल्या, हातात पिशवी. आत पाऊल न टाकता त्यांनी वास घेतला, पदर डोक्यावर ओढला आणि चौकटीपासून बाजूला सरकून उभ्या राहिल्या. कुणाला वाट सोडावी तशा.

"खाट कुणी टाकली गं तितं?"

"मावशी, आत कोण आहे... काय आहे ते?"

"मागलं दार उघड."

"मला... नाही जमणार..."

"पोरगं तुजं हाय, का माजं? जा. मधनंच जा. काय करत न्हाईत ती. ढकलायचं न्हाई, नुसतं चालायचं."

शरयू गेली. ती कशी गेली हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. गुडघ्यांशी जाड, ओलं, कोमट काहीतरी दुभंगत होतं आणि मागे पुन्हा मिळत होतं. ती पुटपुटत होती रामरक्षा, पण मधेच नियमांच्या ओळी तोंडात येत होत्या. तिनं खाटेचा पाय धरला, सौमित्रनं हातांनी भिंत रेटली, खाट फरफटत बाजूला आली. कडी निघाली. मागचं दार सताड उघडलं.

आणि काहीच हललं नाही.

सगळं तसंच उभं. फुरफुर, टकटक. दाराच्या तोंडाशी येऊन, वाट पाहत.

"जाईनात व्हय?" पुढच्या दारातून अंबूबाईंचा आवाज आला, आणि आता त्याही घाबरलेल्या वाटल्या. "आजून कुणी अडवलंय? बघ, बघ लवकर!"

शरयूची नजर स्टुलावर गेली. पडद्यावर खेळ चालूच होता. देवदत्तचा शिपाई इकडून तिकडे पळत होता, कुठेही न अडखळता. लोण्यासारखा.

खेळ आधी. बाकीच्यांनी थांबायचं. तिनंच लिहिलं होतं.

ती परत फिरली. पुन्हा त्या सगळ्यातून. यंत्रापुढे बसली. अक्षर चुकलं, पुन्हा चुकलं. "सोडते, सोडते हां... जा तुम्ही आधी," ती मोठ्यानं म्हणाली, आणि ती ओळ खोडली.

टोकाकडचे बंदुकांचे आवाज थिजले. मग घंटा वाजली, बारकी, पुढे चालणाऱ्या जनावराच्या गळ्यातली असते तशी. तिच्या मागोमाग खूर. खूरच खूर. पुढच्या दारातून आत, मागच्या दारातून उताराला, ओढ्याकडे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एकट्या माणसाच्या वहाणांचा आवाज गेला, करकरत, सावकाश. मागच्या दाराशी तो किंचित थांबल्यासारखा वाटला. मग तोही गेला.

वास विरला. रातकिडे ऐकू यायला लागले.

"मेलो!" सौमित्र ओरडला. खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि देवदत्तनं त्याला उडवलं होतं.

शरयू जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. तो तिकडून विचारतोय, "ताई, तू हसतेयस का रडतेयस?" अंबूबाईंनीच मग चहा टाकला. साखर दुप्पट घातली.

"माजा धाकला दीर, धुळा," त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या. "कोकणात मेंढरं घिऊन जायची वाट ही. घर नव्हतं तवा हितं. अवकाळी पाऊस लागला, कळप ओढ्यात घातला, एक लंगडं मागं ऱ्हायलं म्हून परत फिरला. वरनं पाणी आलं." फुंकर मारून घोट घेतला. "समदी गेली. पर त्यांस्नी कुणी सांगिटलंच न्हाई, की तुमी पोचला न्हाईत. दिवाळी झाली की येत्यात. आठ-पंधरा दिस. म्हून तर दाराला दार ठिवून घर बांधलं."

"मग आम्हाला सांगायचं नाही का, मावशी?" सौमित्र म्हणाला.

"सांगिटलं असतं, तर भाड्यानं घेटलं असतंस व्हय रं, गड्या?"

यावर तो इतका हसला की शरयू नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

पुढचे काही दिवस दिवेलागणीला दोन्ही दारं उघडी असायची, खाट भिंतीला, आणि सौमित्र आपण होऊन कीबोर्डवरून हात उचलून बसायचा. सांगलीहून देवदत्तची तक्रार असायची, "साताऱ्याची लाइनच भिकार!" "लाइन नाही रे, गर्दी," हा म्हणायचा. मग एका संध्याकाळी कुणीच आलं नाही, खेळ अखंड चालला, आणि ते संपलं. शरयूला रात्रीची झोप लागायला लागली. पुढे पुढे तर कुकरच्या शिट्टीलाही ती दचकेना. तात्यांना फोनवर म्हणाली, "जेवतो आता. भांडतो पण."

महिना भरला. नवा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला, जुना शेजारी धरला, पुन्हा नवा पाहिला. हाड सांधलं होतं. नुसतं सांधलं नव्हतं, मोडलं कुठे होतं ते शोधावं लागत होतं. "तरुण रक्त," ते म्हणाले. शरयूनं बाकावर बसून डोळे मिटले. छातीवरचं ओझं उतरतं ते काय असतं, ते तिला तेव्हा कळलं. ऑपरेशन नाही. सौमित्र चालणार.

कंपाउंडरनं प्लास्टर कापायला घेतलं. ते अखंड होतं; ज्या दिवशी घातलं त्या दिवशी शरयू समोर उभी होती, आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. दोन्ही कवचं सुटी झाली. आतला कापूस निघाला.

कंपाउंडर थांबला.

"हे कुणी बांधलं?"

सौमित्रच्या कातडीवर, जिथे हाड मोडलं होतं नेमक्या तिथे, काळ्या लोकरीची दोरी वेढ्यावर वेढे घेऊन घट्ट बसली होती. शेवटाला गाठ. बारीक, सुबक, सरावलेल्या हातानं मारलेली.

शरयूनं हात पुढे केला आणि बोटाच्या टोकानं ती दोरी चाचपली.

ती ओली होती.