मोडक्या खुर्च्यांची खोली

खासदारांची समिती पोलीस ठाण्यात शिरली तेव्हा ताईने नानांची बाही धरली.

"नाना, चौकशीला बोलावलं म्हणून मीच त्याला इथे आणून सोडलं होतं. आज ती खोली सापडली नाही, तर माझा भाऊ खोटा ठरेल आणि त्याला परत यांच्याच ताब्यात देतील."

नाना खाजगी गुप्तहेर होते. सोबत त्यांचे जुने मित्र वकीलसाहेब. सगळी कलमं तोंडपाठ, पण समोरची गोष्ट दिसायला त्यांना जरा वेळ लागायचा. तक्रारदार म्हणून ताईला या दोघांना आणायची मुभा मिळाली होती.

भावाचं म्हणणं असं, की त्याला बिनखिडकीच्या खोलीत डांबून बेदम मारलं. दिवाही बाहेरूनच लावत आणि विझवत. ठाणेदार म्हणत होता, तो कोठडीत होता आणि न्हाणीघरात घसरून पडला. दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलत होता.

"आमच्याकडे या दोनच कोठड्या," ठाणेदार समितीच्या अध्यक्षबाईंना म्हणाला. दोन्हींना खिडक्या होत्या. दार उघडण्याआधी हवालदाराने कमरेचं पिस्तूल काढून पहारेकऱ्याकडे दिलं.

"हे कशाला?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"आतल्या माणसाने हिसकावलं तर? या बाबतीत आमच्याकडे हयगय नाही," ठाणेदार कौतुकाने म्हणाला.

मग दफ्तर झालं, मुद्देमालाची खोली झाली. हवालदार पिस्तूल परत कमरेला लटकवून सगळीकडे पुढे. शेवटी जिन्याखालचं दार आलं. त्याने पिस्तूल पहारेकऱ्याच्या हातात ठेवलं, दाराबाहेरचं बटण दाबलं आणि कुलूप काढलं. आत मोडक्या खुर्च्या छताला टेकल्या होत्या. खिडकी नव्हती.

"इथे कधी कुणाला ठेवलं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"छे हो. वर्षानुवर्षं अडगळच आहे."

नाना हवालदाराकडे वळले. "ही खोली याआधी कधी उघडली होती?"

"आठवत नाही, साहेब."

"आणि तुम्ही?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"मी दारावर असतो. आतलं मला काय माहीत?" पहारेकरी म्हणाला.

"बटण बाहेर आहे खरं," वकीलसाहेब कुजबुजले, "पण न्हाणीघराचंही बाहेरच असतं. नाना, आपलं काही खरं नाही."

ठाणेदाराच्या खोलीत चहा आला. अध्यक्षबाई उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात नाना बोलले.

"बाई, हवालदारांच्या कमरेला बघा. पिस्तूल आहे. दफ्तरात होतं, मुद्देमालाच्या खोलीतही होतं. फक्त दोन ठिकाणी त्यांनी ते काढून दिलं. एक कोठडीपाशी. कारण ठाणेदारांनीच सांगितलं, आतला माणूस हिसकावेल म्हणून."

"आणि दुसरं?"

"जिन्याखाली. मोडक्या खुर्च्या पिस्तूल हिसकावतात का?"

वकीलसाहेबांचा कप हातातच राहिला.

"सवय असते हो माणसाला," ठाणेदार हसला. त्याचं हसू कुणी उचललं नाही.

"मीही तेच म्हणतोय. दार दिसलं की पिस्तूल काढायचं, ही सवय दफ्तरापाशी लागली नाही. त्या दारापाशी लागली. तिथे आत माणसं असायची, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. खुर्च्या समितीसाठी रचल्यात. हवालदारांच्या हाताला मात्र ते कुणी सांगितलं नाही."

हवालदार खाली मान घालून उभा होता. ठाणेदाराने डोळे वटारले, पण हवालदार ताईकडे बघत होता.

"खरं आहे," तो म्हणाला. "त्याला तिथेच ठेवलं होतं."

वकीलसाहेबांनी चहाचा कप दूर सारला. त्यांना या साऱ्याची शिसारी आली होती.

"तो काही म्हणत होता का?" ताईने विचारलं.

"सारखं एकच म्हणायचा. ताई म्हणालीय, निर्धास्त जा, कुणी हात लावणार नाही."

अध्यक्षबाईंनी खोली रिकामी करायला सांगितलं. पोलीस एकमेकांकडे बघत राहिले. ताई उठली, जिन्याखाली गेली आणि पहिली खुर्ची तिनेच बाहेर काढली.